धंदेशिक्षणाचा खरा निकाल कोठे लागतो?

१९२७ सालच्या मार्च महिन्यात मुंबई कौन्सिलात शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू असता परमपूज्य बाबासाहेबांनी सरकारपुढे एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. शाळा किती, मास्तर किती, खर्च किती, एवढ्यावर समाधान मानण्याची सरकारी रीत ह्या एका हिशेबाने उघडी पडली. शाळेचे माप तिच्या दारातून आत जाणाऱ्यांवरून घ्यावयाचे नसते. शिकून बाहेर पडणाऱ्यांचे पुढे काय झाले ह्यावरून ते घ्यावयाचे असते, हा दंडक बाबासाहेबांनी आपणांस तेव्हाच घालून दिला आहे.

हाच दंडक आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांस आणि गल्लोगल्ली निघालेल्या कौशल्य-केंद्रांस लावावयाची वेळ आली आहे. महाराष्ट्रात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था चारशेहून अधिक आहेत. खाजगी संस्थांची भर निराळीच. अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत आणि आपली मुले-मुली फिटर, वेल्डर, वायरमन होण्यासाठी तेथे मोठ्या आशेने जातात. दरवर्षी अमुक इतके प्रवेश झाले, अमुक इतके उत्तीर्ण झाले, अमुक इतक्यांस काम लागले, असे आकडे प्रसिद्ध होतात. पहिले दोन आकडे तपासता येतात. तिसरा आकडा कोणी दिला? बहुधा संस्थेनेच! वादी स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश असला म्हणजे निकाल कोणता लागावयाचा, हे सांगण्यास वकील लागत नाही.

हा प्रश्न बौद्ध समाजास इतरांहून अधिक जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे धर्मांतर झाले, ते उपासनेपुरते नव्हते. उपजीविकाही बदलावयाची होती. मेलेली गुरे ओढणे, येसकरी करणे, शिळ्या भाकरीवर गावाची चाकरी करणे, हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी झुगारून दिले. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि महारकीचा कायदेशीर पायाही उखडला गेला. आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविकेस स्थान आहे, ते उगाच नव्हे. परंतु जुना धंदा सोडणे हे अर्धेच काम होय. नवा धंदा हाती येणे हे दुसरे अर्धे. गिरण्या, गोदी आणि रेल्वे ह्यांनी एका पिढीस तो दिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आज आपल्या तरुणाजवळ जो पूल उरला आहे, तो धंदेशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा. हा पूल पलीकडच्या काठास टेकला आहे की अधांतरी आहे, हे कोणी पाहिले आहे काय?

देवनारचेच उदाहरण घ्या. ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी तो हिशेब मांडला, त्याच साली येथे मुंबईचा कचरा टाकावयास आरंभ झाला. १९७१ साली येथे कत्तलखाना आला. ह्याच देवनारात १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था उभी आहे. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात देवनार, गोवंडी, मानखुर्द ज्यात मोडतात, तो एम-पूर्व विभाग मुंबईत सर्वांत तळाशी आढळला. आणि येथून थोड्याच अंतरावर तुर्भे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि अणुसंशोधन केंद्र आहे. गोवंडीतील मुलास कारखान्याच्या चिमण्या नित्य दिसतात. ह्या वस्त्यांतून फिटर म्हणून उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण कोठल्याही कारखान्यात फिटर म्हणूनच लागले, असा प्रश्न आपल्या एखाद्या विहारात विचारून पाहा. ह्याची नोंद आपणांकडे नाही. आणि नोंद नसलेल्या अन्यायाची दाद मागता येत नाही.

मग मोजावे कसे? जगात त्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली, उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी गाठून विचारणे: काम मिळाले काय, कोणते, किती वेतनावर, शिकलेल्या धंद्यातलेच काय? दुसरी, त्यास कामावर ठेवणाऱ्या मालकास विचारणे: ह्याला काम येते काय, कोठे कमी पडतो? दोन्ही रीती योग्य आहेत. परंतु दोहोंतही लबाडीस वाव आहे.

अमेरिकेत हील्ड कॉलेज नावाच्या धंदेशिक्षण देणाऱ्या संस्थेस तेथील शिक्षण विभागाने २०१५ साली सुमारे तीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ह्या संस्थेने आपल्याच विद्यार्थ्यांस काही दिवसांपुरते कामावर ठेवावे म्हणून दुसऱ्या कंपन्यांस पैसे दिले आणि ती कामे ‘नोकरी लागली’ ह्या सदरात दाखविली, असे चौकशीत निघाले. आपल्याकडील स्थितीही समाधान मानावी अशी नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या नोंदींत बँक-खात्याचा रकाना रिकामा वा निरर्थक आढळला. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातील प्रमाणपत्रधारकांपैकी काम लागल्याची नोंद सुमारे ४१ टक्क्यांचीच निघाली. लेखापरीक्षकांनी प्रशिक्षणार्थींस ई-पत्रे पाठवून विचारणा केली, तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक पत्रे पोहोचलीच नाहीत. जी १७१ उत्तरे आली, त्यांतील १३१ उत्तरे एकाच पत्त्यावरून वा प्रशिक्षण देणाऱ्यांच्याच पत्त्यांवरून आलेली होती. विद्यार्थ्याच्या तोंडी संस्थाच बोलत होती! म्हणून पहिला नियम असा की, जो शिकवितो त्याने मोजू नये. आणि दुसरा असा की, जो सापडला नाही त्यास हिशेबातून वगळू नये. शंभर उत्तीर्णांपैकी चाळीस सापडले व त्यांतील तीस कामावर असले, तर ‘पाऊणशे टक्के यश’ म्हणणे ही फसवणूक होय. तीस कामावर, दहा बेकार, साठ बेपत्ता, असेच लिहिले पाहिजे.

मालकांच्या साक्षीविषयी आपण विशेष सावध असले पाहिजे. यंत्रे जुनी आहेत, अभ्यासक्रम कालबाह्य आहे, मुलांस नकाशा वाचता येत नाही, हे मालक सांगेल तर ते ऐकावे. ते त्याच्या अनुभवातले आहे. पण ‘वागणूक’, ‘घरचे वळण’, ‘माणूस आमच्यात बसतो काय’ अशा सदरांखाली तो जे सांगतो, ते संस्थेच्या यशाचे माप नव्हे. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन ह्या अभ्यासकांनी दिल्लीत पंचवीस मोठ्या कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी सांगत. आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही विचारतो, असेही त्यांतील बहुतेक सांगत. त्याच वर्षी सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींस समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावाआडनावांचा. दलित आडनावाच्या उमेदवारास पुढे बोलावले जाण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोनतृतीयांशच भरली. ज्याच्या फाटकात आडनाव तोलले जाते, त्याच्याच संतोषावर शाळेस गुण द्यावयाचे ठरले, तर शाळाही हळूहळू त्यास आवडणारीच मुले पुढे करू लागेल.

येथे कोणी म्हणेल की, काम न मिळण्यास मंदी कारण आहे, शिक्षण निकृष्ट आहे, जातीस मध्ये का आणता? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तरही मोजणीतच आहे. एकाच संस्थेतून, एकाच धंद्यात, एकाच वर्षी, जवळपास सारख्या गुणांनी उत्तीर्ण झालेली मुले घ्यावी आणि त्यांची सामाजिक वर्गवार तुलना करावी. शिक्षण निकृष्ट असेल वा मंदी असेल, तर तिची झळ सर्वांस सारखी लागेल. सर्वांस लागत नसून केवळ आपल्या मुलांस लागत असेल, तर दोष शाळेचा नाही, फाटकाचा आहे. हे दोन दोष निरनिराळे आहेत आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत. एकत्रित सरासरी दोन्ही दोष झाकते. माझ्या मते, अशा सर्वेक्षणांचा आपल्या समाजास सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

‘काम मिळाले काय?’ ह्या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तरही पुरेसे नाही. वीजतंत्रीचे प्रमाणपत्र घेतलेला मुलगा कंत्राटदाराकडे कचऱ्याच्या गाडीवर लागला, तरी सरकारी रकान्यात तो ‘रोजगारप्राप्त’ ठरतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसास त्याची जागा मिळते. कुटुंबाच्या भाकरीचे ते रक्षण आहे आणि त्यास कोणी हात लावू नये. परंतु शिकलेल्या मुलाने बापाचा झाडू हाती घेतला, ही घटना धंदेशिक्षणाच्या यशात मोजणे म्हणजे मनुस्मृतीचा निकाल प्रगतिपुस्तकात लिहिणे होय. म्हणून सर्वेक्षणात स्पष्ट विचारले पाहिजे: शिकलेला धंदा करतोस काय? कायम की कंत्राटी? आणि ज्या कामापासून तुझ्या वाडवडिलांनी सुटका करून घेतली, त्याच जातीच्या कामावर परतलास काय?

हे आकडे कायद्याच्या कामीही येतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ साली कलम ३-अ घालण्यात आले. त्यान्वये प्रत्येक निर्दिष्ट धंद्यात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवावयाच्या आहेत. खाजगी कारखानदारासही लागू होणारी राखीव जागांची तरतूद आपल्या कायद्यांत विरळाच. ही त्यांपैकी एक आहे. परंतु पात्र उमेदवार न मिळाल्यास ती जागा इतरांस देण्याची मुभा नियमांत आहे, आणि ‘उमेदवार मिळाले नाहीत’ हे उत्तर लिहावयास एक ओळ पुरते. त्या ओळीस खोटे पाडावयाचे, तर अमुक वर्षी अमुक धंद्यात उत्तीर्ण झालेले अनुसूचित जातीचे इतके उमेदवार कारखान्यापासून चार मैलांच्या आत घरी बसून होते, असा पुरावा हाती पाहिजे. उत्तीर्णांचा मागोवा म्हणजे हा पुरावा होय.

आपल्यापैकी कित्येकांस सर्वेक्षणातील जातीचा रकाना खुपतो. आम्ही बौद्ध झालो, मग पुन्हा जात का लिहावी? भावना रास्त आहे. परंतु १९५६ नंतर केंद्रीय सवलतींसाठी आपणांस चौतीस वर्षे झगडावे लागले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला, तेव्हा कोठे धर्म आणि हक्क ह्यांतील विरोध मिटला. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हे आपण कोण आहोत ते सांगते. जातीच्या रकान्यातील नोंद समाजाने आपणांस काय केले ते सांगते. दोन्ही रकाने स्वतंत्र असावेत. एकच रकाना ठेवला, तर बौद्ध विद्यार्थी ‘अल्पसंख्याक’ किंवा ‘इतर’ ह्या ढिगाऱ्यात नाहीसा होतो आणि त्याच्यावरील अन्यायही त्याच्याबरोबर नाहीसा होतो.

शासनाने हे काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील उत्तीर्णांचा देशव्यापी मागोवा घेण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पण देशाची सरासरी देवनारच्या मुलास उपयोगी नाही. आपली मागणी संस्थावार व धंदावार आकड्यांची आहे. प्रत्येक संस्थेने प्रवेश, गळती, उत्तीर्ण, शिकाऊ उमेदवारी आणि तीन वर्षांनंतरचे काम ह्यांची वर्गवार संख्या, नावे गुप्त राखून, प्रवेशाच्या आधी फलकावर लावावी; मोजणी बाहेरच्या निःपक्ष संस्थेकडून व्हावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांस स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्यास बांधते. जी माहिती संस्थेजवळ आहे, ती कलम ६ खाली अर्ज करून कोणीही नागरिक मागू शकतो. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने अनुसूचित जातींचे शैक्षणिक व आर्थिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ती पार पडली किंवा नाही, हे मोजल्यावाचून कसे कळावे?

मात्र सरकार मोजील तेव्हा मोजील, म्हणून आपण स्वस्थ बसणे बाबासाहेबांच्या अनुयायांस शोभणारे नाही. भगवान बुद्धाने आपला धम्म ‘एहिपस्सिको’ म्हटला: ये आणि स्वतः पाहा. प्रत्येक विहारात एक वही असावी. वस्तीतील जो मुलगा वा मुलगी धंदेशिक्षण पूर्ण करील, त्याचे नाव, संस्था, धंदा आणि वर्ष त्यात लिहावे. दर वैशाख पौर्णिमेस त्यास विचारून पुढची ओळ भरावी: काय करतो, किती मिळते, कोठे अर्ज केला, कोठे नाकारले आणि काय कारण दिले. वही विहाराच्या कपाटात कुलूपबंद राहावी, कोणाचे नाव बाहेर जाऊ नये. बाहेर जावी ती केवळ बेरीज. तीन वर्षांची अशी बेरीज हाती आली म्हणजे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, संस्थेच्या प्राचार्यांकडे आणि अनुसूचित जाती आयोगाकडे आपण रिकाम्या हातांनी जाणार नाही.

ह्या कामास पैसा लागत नाही. एक वही, एक पेन आणि नियमित बसणारा एक कार्यकर्ता लागतो. देवनार-गोवंडीच्या विहारांनी येत्या वैशाख पौर्णिमेपासून आरंभ करावा, अशी माझी त्यांस विनंती आहे. कायद्याच्या बाजूने जे साहाय्य लागेल, ते करावयास आम्ही वकील मंडळी बांधलेले आहोत.