धाडस की ढीग?

पोकर स्पर्धेत बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावरच्या वेळेला ‘बबल’ म्हणतात. २०२३ ची लास वेगासमधली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मेन इव्हेंट घ्या. प्रवेशिका १०,०४३, पैसे फक्त पहिल्या १,५०७ जणांना. फी १० हजार डॉलर, किमान बक्षीस १५ हजार. एवढ्या जवळ येऊन कुणाला बाहेर पडायचंय?

नेमका तेव्हाच चिप्सचा मोठा ढीग असलेला खेळाडू सुटतो. पानं साधीच, तरी रेझवर रेझ! आपण म्हणतो, काय डेअरिंग आहे! पण तो कुणाला दाबतो ते बघा. सगळ्यात छोटा ढीग असलेला ऑल-इन जायला तयारच असतो, त्याच्या वाटेला तो जपून जातो. दुसऱ्या मोठ्या ढिगालाही टाळतो, कारण तोच त्याला एका डावात संपवू शकतो. चेपला जातो मधला. त्याच्याकडे गमवायला बरंच असतं, पण चूक परवडत नाही.

याला मी धाडस म्हणणार नाही, हा हिशेब आहे. म्हणून उद्या कुणी ‘रिस्क घे रे’ म्हणालं, तर आधी त्याच्यापुढचा ढीग बघा. हरल्यावरही तो टेबलावरच असेल. तुम्ही असाल का?