गर्दीला दोष देऊन जीव वाचत नाहीत



चेंगराचेंगरीला लोकांची बेशिस्तच जबाबदार असते, असे मत मांडणारे पत्र गेल्या अंकात वाचले. ते पटण्यासारखे नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात २३ जणांचा जीव गेला. कामाला, फुलबाजाराला निघालेली माणसे होती ती. पाऊस आल्याने लोक पुलाच्या अरुंद जिन्यावर थबकले आणि गाड्यांतून उतरणारे मागून येतच राहिले. मागच्याला पुढचे दिसत नाही; यात बेशिस्त कुठे आली?

अशा दुर्घटनांत पुष्कळ जण तुडवले जाऊन नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने दगावतात, कित्येकदा उभ्याउभ्याच. म्हणून चहूबाजूंनी खांदे भिडू लागताच बाहेर पडावे. अडकलोच तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरावेत, रेट्याच्या उलट जाऊ नये, रेटा ओसरला की तिरके सरकत कडेला यावे. पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलायला मुळीच वाकू नये.

पण हे झाले शेवटचे उपाय. येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणे, गर्दी वाढताच आत सोडणे थांबवणे, ही कामे आयोजकांची आणि प्रशासनाची. २००३ च्या कुंभमेळ्यात नाशिकने चेंगराचेंगरीचे दुःख भोगले आहे. पुढच्या सिंहस्थात शिस्तीचे फलक लावण्याआधी घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्यांची रुंदी मोजावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक