पुलांचे राखणदार

सन २०२४ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून 'डाली' नावाचे मालवाहू जहाज कोलंबोकडे जाण्यास निघाले. त्याची लांबी सुमारे ३०० मीटर होती, व त्यावरील खलाशी बहुतेक आपले देशबांधव होते. वाटेत जहाजावरील वीज गेली, ते सुकाणूस जुमानेना, आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. पाहता पाहता तो प्रचंड पोलादी पूल पाण्यात कोसळला. त्यावर रात्री रस्त्याचे खड्डे बुजवीत असलेले सहा मजूर प्राणांस मुकले. जहाजावरील विजेची एक तार सैल राहिल्यामुळे वीज गेली, असे पुढे चौकशीअंती ठरले.

'एका तारेने घात केला' असे म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतील. आम्हांस हे म्हणणे अपुरे वाटते. तारा सैल होणारच आणि यंत्रे बिघडणारच. खरा प्रश्न असा की, बिघडलेले जहाज व पुलाचा खांब यांच्यामध्ये काय उभे होते? रक्षणार्थ बांधलेले काही लहान बुरूज पाण्यात होते खरे; परंतु ते जहाजाच्या वाटेत आलेच नाहीत.

पूर्वसूचना मिळाली नव्हती असेही नाही. १९८० साली याच पुलास एका लहान जहाजाची धडक बसली होती. तेव्हा थोडक्यात निभावले. त्याच वर्षी ९ मे रोजी फ्लॉरिडातील सनशाइन स्कायवे पुलावर 'समिट व्हेंचर' हे जहाज वादळी पावसात आदळून ३५ माणसे दगावली. तेथे १९८७ साली नवा पूल खुला झाला, तेव्हा त्याच्या मुख्य खांबांभोवती दगडांची बेटे रचली होती व भोवताली मोठे गोल बुरूज बांधले होते. भरकटलेले जहाज दगडांच्या उतारावर रुतावे, किंवा त्याचा धक्का बुरुजाने सोसावा, खांबाने नव्हे, अशी ही योजना आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण बाल्टिमोरास जहाजे दिवसेंदिवस मोठी होत गेली आणि राखणदार होते तेवढेच राहिले. २०२५ साली अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आणखी ६८ पुलांचा धोका तपासून पाहावा असे सुचविले.

'हजारो जहाजे सुखरूप जातात, मग एकाकरिता एवढा खर्च कशास?' असे कोणी म्हणेल. गुरे रोज शिरत नाहीत म्हणून शेतकरी कुंपण मोडून टाकतो काय?

आणखी एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. जहाजावरील वाटाड्याने वेळीच इशारा दिला, पोलिसांनी दोन्ही बाजूंची रहदारी अडविली, व कित्येकांचे प्राण वाचले. तो इशारा त्या मजुरांपर्यंत मात्र वेळेवर पोहोचला नाही. पुलाचे रक्षण म्हणजे केवळ दगडांचे काम नव्हे. पुलावर राबणाऱ्यास हाक ऐकू जाईल अशी सोय करणे, हाही त्याचाच भाग होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्या इंजिनियर होतील, कोणी खर्चास मंजुरी देणारे अधिकारी होतील. पुलाचा नकाशा पुढे आला म्हणजे त्याच्या कमानीचे कौतुक अवश्य करा. पण खांबांभोवती काय बांधणार, आणि रात्रपाळीच्या मजुरास कोण सावध करणार, हे विचारल्यावाचून त्यावर सही करू नका.