मध विकू, खोटं विकणार नाही



भात झोडायला घेतलं की दरवर्षी पाड्यापाड्यावर शिंका सुरू होतात. गवत फुललेलं असतं, बांधावर गाजरगवत माजलेलं असतं, खळ्यावर धूळ उडते. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, कुणाला धाप लागते. दवाखान्यात याला ॲलर्जी म्हणतात. नेमक्या याच दिवसांत मधाचा व्यापारी बाजारात सांगत फिरतो, "तुमच्याच रानातला कच्चा मध रोज चमचाभर खा, ॲलर्जी मुळापासून जाते. गोळ्या नको, पंप नको." आपल्याकडून पडत्या भावात घेतलेला हाच मध तो शहरात औषध म्हणून विकतो. आता आपलीच काही पोरं म्हणतात, "आपण पण बाटलीवर तसंच लिहू, चार पैसे जास्त मिळतील."

आमचं म्हणणं आहे, असं लिहायचं नाही. का, ते सांगतो.

आमच्या एका साथीच्या आईला दमा आहे. व्यापाऱ्याचं ऐकून तिने पंप बंद केला आणि मध सुरू केला. पंधरा दिवसांनी मध्यरात्री तिचा दम कोंडला. झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीप केली. म्हातारी वाचली. पण झोळीचा बांबू आमच्या खांद्यावर होता, तेव्हा आम्ही ठरवलं की यावर लिहायचंच.

व्यापाऱ्याचं बोलणं ऐकायला खरं वाटतं. मधात फुलांचा पराग असतो, तो थोडा थोडा पोटात गेला की अंगाला सवय होते, मग शिंका येत नाहीत, असा तो हिशोब. पण जरा विचार करा. मधमाशी जाते जांभळावर, हिरड्यावर, कारवीवर. त्यांचा पराग जड आणि चिकट, तो माशीच्या पायाला लागतो. शिंका आणतो तो बहुतेक वाऱ्यावर उडणारा हलका पराग, गवताचा नाहीतर गाजरगवताचा. तो मधात असला तरी किती, हे प्रत्येक पोळ्यात वेगळं. डॉक्टर परागाची सवय करतात ती मोजून मापून, हळूहळू वाढवत, काही वर्षं. चमच्याने तो हिशोब जमत नाही.

हे तपासूनही झालं आहे. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये डॉक्टरांनी ३६ ॲलर्जीवाल्या माणसांचे तीन गट केले. एकाला तिथलाच कच्चा मध, दुसऱ्याला तापवून गाळलेला मध, तिसऱ्याला मधाच्या चवीचा नुसता साखरपाक. २००२ साली निकाल छापला. कच्चा मध खाणाऱ्यांचा त्रास बाकीच्यांपेक्षा काही कमी झाला नव्हता.

मग आपल्या म्हाताऱ्या माणसांचं खोटं का? नाही. त्यांनी खोकल्याला मध चाटवला, आणि मधाने खोकला निवतो हे डॉक्टरही मानतात. एक गोष्ट मात्र आपण सोडली पाहिजे. तान्ह्या लेकराला गुटीत मध देऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मधातले काही जंतू वाढतात, बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो.

आता कोणी म्हणेल, असं लिहून तुम्ही आपलाच धंदा बुडवता. आम्हाला उलट वाटतं. खोटं उघडं पडेल तेव्हा व्यापारी दुसरा माल धरेल, नाव मात्र आपल्या रानाचं खराब होईल. मधाला भाव मिळवायचा आपला रस्ता वेगळा आहे. १९२७ च्या जंगल कायद्याने जंगलातला मध सरकारी वनोपज ठरवला, म्हणून मधाचा डबा हातात दिसला की आपल्याला चोर म्हणत आले. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात आहे, आणि कलम ३(१)(ग) प्रमाणे ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकीहक्क आपला आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा पासही ग्रामसभेच्या समितीने द्यायचा आहे. व्यापाऱ्याकडे भाव ठरवायची ताकद आहे कारण आपण एकेकटे विकतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत चार ठराव घ्या. मध एकत्र गोळा करायचा आणि ग्रामसभेच्या पासावर विकायचा. पोळं जाळायचं नाही, मधाचा भाग काढून पिल्लांचा भाग ठेवायचा. बाटलीवर कुठल्या रानाचा, कुठल्या हंगामाचा एवढंच खरं लिहायचं. आणि दम्याची औषधं आरोग्य केंद्रात बारा महिने मिळालीच पाहिजेत, अशी लेखी मागणी करायची.

दमेकऱ्यांनो, मध आवडत असेल तर खा. पंप मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

जंगल आमचं, मध आमचा, शब्दही आमचा!
जिंदाबाद!