शकुंतलेचं एक टोक तरी राखा

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस,


मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर गाठणारी १८९ किलोमीटरची शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे आज बंद आहे. तिचं ब्रॉडगेज व्हावं ही वऱ्हाडाची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. मात्र रुंदीकरणाचे आराखडे पक्के होण्याआधी अचलपूरचं जुनं स्थानक आणि तिथून पथ्रोटपर्यंतचा नॅरोगेज मार्ग वारसा गाडीसाठी राखून ठेवावा, अशी आपल्याला विनंती आहे.

जागतिक वारसा ठरलेल्या आपल्या तिन्ही छोट्या रेल्वे, म्हणजे दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-शिमला (२००८), डोंगरातल्या आहेत. महाराष्ट्रातली माथेरानची गाडीही घाटातलीच. थंड हवेच्या ठिकाणी नेणाऱ्या गाड्या आपण कौतुकाने जपल्या, पण सपाटीवर शेतमाल वाहणाऱ्या गाड्यांच्या वाट्याला ते कौतुक फारसं आलं नाही. शकुंतला ही कापसाची गाडी. किलिक निक्सन कंपनीने हे अडीच फुटी रूळ टाकले ते वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून. १९२१ साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन आलं तेही मँचेस्टरहून, आणि १९९४ पर्यंत ते राबलं. गाडीवरच्या मोजक्या माणसांनीच तिकिटं द्यायची, सिग्नल सांभाळायचे, इंजिन सोडवायचं आणि पुन्हा जोडायचं, असा तिचा कारभार होता. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे. ज्या कापसावर ती मुंबई मोठी झाली, तो पिकवणाऱ्या मुलखातलं स्थानक मात्र पडझडीला सोडून दिलं, तर हा इतिहास अर्धाच सांगितला जाईल.

लोकांना जलद गाडी हवी असताना खेळण्यातल्या गाडीचे लाड कशाला, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे, पण दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. इंदूर-खंडवा मीटरगेजच्या रुंदीकरणात पातालपाणी ते कालाकुंड हा टप्पा राखला गेला आणि २०१८ च्या डिसेंबरात त्यावर वारसा गाडी सुरू झाली. तिथे चढामुळे नवा मार्ग वेगळा आखावा लागला, आपल्याकडे तशी अडचण नसल्याने रुंदीकरण जुन्या मार्गावरूनच होऊ शकतं, हे खरं. म्हणूनच निर्णय आत्ता हवा. अचलपूर हे शेवटचं स्थानक आहे. ब्रॉडगेजला लांब फलाट आणि मोठं यार्ड लागणारच. ते जुन्या इमारतीपासून जरा बाजूला घेणं आज कागदावर रेघ सरकवण्याइतकं सोपं आहे. भराव पडल्यावर ते कोणालाच परवडणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: अचलपूरला येणार कोण? चिखलदरा आणि मेळघाटच्या जंगलाकडे जाणारे बरेच पर्यटक आजही अचलपूर-परतवाड्यावरून जातात. मुक्तागिरीची जैन मंदिरं जवळ आहेत, गाविलगड किल्लाही आहे, आणि खुद्द अचलपूर एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं. प्रवासी तयार आहेत, त्यांना दोन तास थांबवणारं काही तिथे नाही. गुजरातेत बिलिमोरा-वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही वातानुकूलित पारदर्शक डबा जोडून. जे डांगच्या वाटेवर जमलं, ते मेळघाटच्या पायथ्याशी जमायला हरकत नाही. रोजचा फायदा-तोटा या गाडीला लावू नये. सुट्ट्यांच्या हंगामात आणि शनिवार-रविवारी ती धावली तरी पुरे.

किलिक निक्सन कंपनीपासून चालत आलेला या मार्गाच्या मालकीचा जुना गुंता हे लांबणीचं कारण ठरू नये, कारण रुंदीकरणासाठीही तो सोडवावाच लागणार आहे. तो सोडवणाऱ्या करारातच राखीव टप्प्याचं कलम घालता येईल. तोवर तीन गोष्टी लगेच व्हाव्यात: स्थानकाच्या छताची डागडुजी, उरलेल्या रुळांची आणि डब्यांची नोंद करून राखण, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून या गाडीच्या कामाची माहिती टिपून घेणं. ती माणसं वयस्क झाली आहेत. रूळ पुन्हा टाकता येतील, त्यांचं ज्ञान पुन्हा मिळवता येणार नाही. म्हणून निविदा निघण्याआधी अचलपूरच्या जुन्या स्थानकाला राखीव वारसा वास्तू म्हणून जाहीर करावं, ही आग्रहाची मागणी.

आपला,
वऱ्हाडातला एक नागरिक