पंप खोलण्यापूर्वी दोष शोधावा

गव्हाच्या पेरणीस अठरा ते एकवीस दिवस झाले म्हणजे मुकुटमुळे फुटू लागतात. त्या वेळचे पाणी चुकल्यास फुटव्यांची जी तूट येते, ती पुढे कितीही पाणी दिले तरी पुरती भरून निघत नाही. नेमक्या अशाच सुमारास विहिरीवरील पंप फिरतो, परंतु पाणी फेकीत नाही, असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. वीज ठराविक तासांपुरतीच. शेजाऱ्याकडे पाणी मागावे, तर त्याचेही पीक तहानलेले. घाईने मिस्त्रीला बोलावणे जाते. फूटव्हॉल्व्ह (यालाच खेडोपाडी फुटबॉल म्हणतात) नवा, ग्लँडची दोरी नवी, सांध्यांचे वॉशर नवे, असे सर्व काही एकाच दिवशी बदलले जाते आणि पंप पाणी देऊ लागतो. शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मात्र दोष नेमका कोठे होता, हे त्याला कळत नाही व मिस्त्रीलाही निश्चित सांगता येत नाही. पुढील वर्षी तोच दोष उद्भवला, की तोच सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

या खर्चाचे मूळ दोष शोधण्याच्या पद्धतीच्या अभावात आहे. ती पद्धत संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींकडून शिकण्यासारखी आहे. आज्ञावलीतील दोषाला ते ‘बग’ म्हणजे कीटक म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या बाबतीत जुनाच. एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही तो आढळतो. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये खराच एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून कोणत्या फलकावर, कितव्या रिलेत व किती वाजता सापडला, हे तेथेच लिहून ठेवण्यात आले. शेतकऱ्याने उचलावी ती ही नोंदीची सवय. तिच्या जोडीस दोन नियम आहेत: संशयाचे क्षेत्र प्रत्येक परीक्षेने निम्मे करावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पंपाच्या बाबतीत पहिला प्रश्न हा, की काल पाणी होते व आज नाही, तर मधल्या काळात काय बदलले? आदल्या दिवशी वीजवाहिनीची दुरुस्ती झाली असेल, तर प्रथम शेजारच्या विहिरीवर चौकशी करावी. दोन फेजांची अदलाबदल झाली, की तीन फेजची मोटर उलटी फिरते. उलटा फिरणारा पंप थोडेसे पाणी देतोही, म्हणून तर फसगत होते. पंपाच्या अंगावरील बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहिली, की एका मिनिटात निकाल लागतो. पुढे तारांची अदलाबदल करण्याचे काम मात्र वायरमनचे. त्यात शेतकऱ्याने हात घालू नये.

दिशा बरोबर असल्यास पंप बंद ठेवून तो पाण्याने काठोकाठ भरावा व दहा मिनिटे थांबावे. पाणी उतरले, तर फूटव्हॉल्व्हची झडप नीट बसत नाही, अथवा सक्शनच्या पाइपास गळती आहे. वरचे सांधे कोरडे असतील, तर संशय झडपेवर जातो. बहुधा काडीकचराच अडकलेला असतो. तो काढला म्हणजे नवा व्हॉल्व्ह घेण्याची गरज राहत नाही. पाणी टिकले, तर झडप निर्दोष ठरते. गाळणी तुंबली असल्यास ती मात्र या परीक्षेत कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर पंप चालू करून सक्शनच्या एकेका सांध्यावर ओली चिकणमाती थापावी. ज्या सांध्यावर माती बसताच धार जाड होते, तेथूनच हवा आत शिरत असते. दोन सांध्यांवर एकदम माती लावल्यास परीक्षा व्यर्थ जाते. तसेच पाणी न येणारा पंप फार वेळ कोरडा फिरवू नये. ग्लँड तापून नवाच दोष निर्माण होतो.

उन्हाळ्यात कित्येकदा पंपात दोषच नसतो. हवेच्या दाबाने पाणी सिद्धान्ततः सुमारे १० मीटर चढते, पण व्यवहारात ६ ते ७ मीटरच्या पलीकडे भरवसा धरता येत नाही. विहिरीतील पाणी त्याहून खाली गेले असेल, तर कोणताही भाग बदलून उपयोग नाही. पंपच खाली उतरवावा लागतो. विहिरीत दोर सोडून हे अंतर मोजण्यास काहीच खर्च येत नाही, तरी ते क्वचितच मोजले जाते.

अनुभवी मिस्त्रीला आवाजावरूनच दोष कळतो, त्याला या साऱ्याची काय गरज, असे कोणी म्हणेल. चांगल्या मिस्त्रीचे कौशल्य खरे आहे. पण तोही मनातल्या मनात हेच प्रश्न याच क्रमाने सोडवीत असतो. ते त्याच्या मनातून शेतकऱ्याच्या वहीत उतरावेत, एवढीच अपेक्षा. तारीख, लक्षण, केलेली परीक्षा व बदललेला भाग, एवढ्या चार गोष्टी टिपल्या तरी पुरे.

विस्तार कार्यकर्त्यांच्या वर्गांत पंपाचे भाग सुटे करून त्यांची नावे सांगण्याची प्रथा आहे. त्याऐवजी चालू पंपाचा एक सांधा मुद्दाम सैल करून ठेवावा, पान्हा पेटीत कुलूपबंद करावा आणि दोष कोठे आहे ते सांगितल्यावरच किल्ली द्यावी.