चरकाचा अर्धा दाखला

थंडीत जठराग्नी पेटलेला असतो, मग आत्ता नाही खायचे तर कधी? डिसेंबर लागला की बंगळुरूत मल्लेश्वरमपासून व्हाइटफील्डपर्यंतच्या मराठी घरांत हा युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो करणारा थेट चरकाचा हवाला देतो. हवाला खोटा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. हेमंतात अग्नी बलवान होतो, त्याला स्निग्ध आणि जड अन्न द्यावे, नाहीतर तो शरीरातला रसच जाळतो, असे तिथे म्हटले आहे. डिंकाच्या लाडवांचा डबा उघडायला एवढा आधार पुरेसा होतो.

पण सहाव्याच्या आधी पाचवा अध्याय येतो आणि त्याचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. माणसाने मापात खावे, हा त्याचा पहिलाच उपदेश. जड पदार्थ तृप्तीच्या अर्ध्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर थांबवावेत, आणि जेवण झाल्यावर पिठाचे जड पदार्थ तर खाऊच नयेत, इतके स्पष्ट तिथे सांगितलेले आहे. म्हणजे रात्रीचे भरपेट जेवण उरकून वर प्लम केकचा तुकडा ‘फक्त चवीला’ घेणाऱ्याची बाजू चरक मांडणार नाही. वाग्भटाचेही तेच. त्याने हेमंतात पौष्टिक खायला सांगितले, पण अंगाला तेल चोळून तरबेज मल्लांशी कुस्ती खेळायलाही सांगितले. सिल्क बोर्डच्या चौकात तासभर गाडीत बसून राहणे त्या कुस्तीत धरता येत नाही.

शिवाय हेमंत कुठला? बंगळुरूची आजवरची नीचांकी नोंद 7.8 अंशांची आहे आणि ती 13 जानेवारी 1884 ची. एरवी जानेवारीत रात्रीचे किमान तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास राहते, दुपारी पारा सत्तावीसवर जातो. तेवढ्यासाठी बाळंतिणीचा खुराक संगणकापुढे बसणाऱ्या धडधाकट माणसाने अर्धा-अर्धा किलो संपवावा, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे: ‘वर्षातून एकदाच तर!’ एकेक पदार्थ सुटा धरला तर ते खरेच आहे. पण बंगळुरूत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. मग चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत-रोडगा, पुढे नाताळचा केक, एकतीस डिसेंबरची रात्र, जानेवारीत अवरेबेळे मेळा, म्हणजे पावट्याची जत्रा, भोगीची तीळ लावलेली भाकरी, संक्रांतीला शेजारच्या कन्नड घरून आलेले एळ्ळू-बेल्ल आणि आपल्या घरची गुळपोळी, वर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. यातले प्रत्येक वर्षातून एकदाच येते, पण सगळे मिळून सव्वादोन-अडीच महिने भरतात. पूर्वी ज्याचा त्याचा सण ज्याच्या त्याच्या घरी होई. आता या शहराने सगळ्यांचे सण आपलेसे केले, ही आनंदाचीच गोष्ट, पण पोट मात्र पूर्वीइतकेच राहिले.

‘शेंगदाणे म्हणजे प्रथिने’ असे म्हणणाऱ्यांचा समाचार थोडक्यात घेता येतो. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, तशाच साडेपाचशेहून अधिक कॅलरीही. जत्रेत फिरता फिरता टरफले पायाखाली पडत राहतात, त्यामुळे किती दाणे पोटात गेले याचा हिशेब कोणाकडेच उरत नाही.

याचा अर्थ जानेवारीत फक्त काकडीच्या रसावर राहणारे बरोबर, असे नाही. भीती विकणाऱ्यांनी सणांची धास्ती फारच वाढवून ठेवली आहे. अमेरिकेत 195 प्रौढांची सणांच्या आधी व नंतर वजने घेऊन केलेला अभ्यास 2000 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर ते जानेवारीत सरासरी वाढ निघाली अवघी 0.37 किलो. दोन-चार किलोंची बोंब त्याने खोटी ठरवली. पण त्यातच एक खोचही आहे. हे वाढलेले वजन पुढे उतरले नाही, आणि ज्यांचे वर्षभर वजन घेतले त्यांची वार्षिक वाढ सरासरी 0.62 किलो होती. निम्म्याहून जास्त वाढ या काही आठवड्यांतली. म्हणजे कडकडीत उपास करण्याइतके संकट नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतके क्षुल्लकही नाही. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत (2023 साली ती प्रसिद्ध झाली), त्यामुळे दुर्लक्षाची चैन तर मुळीच परवडणारी नाही.

मग करायचे काय? त्याचे उत्तर याच शहराच्या जुन्या सवयींत आहे. बसवनगुडीची आख्यायिकाच घ्या. एक बैल शेतातले भुईमूग फस्त करी, त्याला शांत करण्यासाठी देऊळ उभे राहिले आणि पहिले पीक त्याला वाहण्याचा रिवाज पडला. देऊळ केंपेगौडाने सोळाव्या शतकात बांधले असे मानतात, आणि भुईमूग हे दक्षिण अमेरिकेचे पीक असल्याने तो तेव्हा इथे होता का, ही शंका रास्तच आहे. पण गोष्टीतला तह फार शहाणा आहे: बैलाला उपाशी ठेवले नाही, त्याचा वाटा ठरवून दिला. धनुर्मासातल्या पहाटेच्या हुग्गीचे आणि आपल्या धुंधुरमासातल्या खिचडी-लोण्याचेही तसेच. तूप भरपूर, पण ते जेवण सूर्योदयाच्या वेळी, एकदाच. तिळगूळसुद्धा तळहातावर मावेल एवढाच दिला जाई, पाव किलोचे चकचकीत खोके नंतर आले.

आणि ‘बाय-टू’? दर्शिनीत दोघे उभे राहतात, एक फिल्टर कॉफी मागवतात, पोऱ्या ती दोन छोट्या पेल्यांत ओतून फेसासकट पुढे सरकवतो. ना कुणाला कंजूषपणा वाटतो, ना कुणी आहाराचे तत्त्वज्ञान सांगते. अर्धे मागणे या शहरात लाजिरवाणे नाही. मग केकची चकती, होळिगे, गुळपोळी यांनाच ‘बाय-टू’ का नको? इच्छाशक्तीवर विसंबणारा माणूस तिसऱ्या जिलबीपाशी हरतो. ताटात आलेच अर्धे, तर हरायचा प्रसंग येत नाही.

यावर एक आक्षेप खरा वजनदार आहे. व्ही. व्ही. पुरमच्या सज्जनराव सर्कलपाशी सुरू झालेला आणि आता नॅशनल कॉलेजच्या मैदानावर भरणारा अवरेबेळे मेळा शेतकऱ्यांच्या पावट्याला गिऱ्हाईक मिळावे म्हणून चालतो. लोकांनी हात आखडता घेतला तर नुकसान शेतकऱ्यांचे. पण मेळ्यात पावट्याची जिलबी मिळते, आइस्क्रीमही मिळते, आणि त्यात पावटा किती, पाक आणि साय किती, हे खाणाऱ्यालाही कळते. शेतकऱ्याचा माल खपतो तो सोललेल्या दाण्यांच्या ढिगापाशी. दोघांत एक डोसा खाऊन, उरलेल्या पैशांचे किलोभर दाणे पिशवीत घालून घरी नेणारे आणि आठवडाभर सारू-उसळ करणारे कुटुंब त्या शेतकऱ्याला जिलबीच्या रांगेतल्या माणसापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडते.